शाळेच्या लॅबमधल्या सगळ्या मशीनना आपोआप आयपी मिळायला काय करावं लागेल?

बावडेकर | सोमवार, रात्री ९:१२

नमस्कार मंडळी. कसबा बावड्यातल्या आमच्या हायस्कूलच्या संगणक लॅबची जबाबदारी यंदा माझ्याकडे आलीये. मी गणित शिकवतो. नेटवर्कचं शिक्षण नाही, पण शिकून करायची तयारी आहे.

लॅबमध्ये २४ मशीन आहेत. १५ वर विंडोज आहे, काहींवर १० आणि काहींवर ११. उरलेल्या ९ जुन्या मशीनवर विंडोज १० चा सपोर्ट ऑक्टोबर २०२५ मध्ये संपल्यावर उबुंटू टाकून घेतलंय. आधी ज्यांच्याकडे कंत्राट होतं त्यांनी प्रत्येक मशीनला हातानं आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) दिलेत, १९२.१६८.१.११ ते १९२.१६८.१.३४. गेटवे, म्हणजे बाहेर नेटला जायचा रस्ता, १९२.१६८.१.१. एक प्रिंटर आहे, त्याला १९२.१६८.१.५०.

आता शाळेनं फायबर घेतलंय. कंपनीचा डबा भिंतीवर, त्याला जोडून आमचा नवा राउटर. राउटरचा पत्ता १९२.१६८.०.१ दिसतो. वायफायवर सगळ्यांचे मोबाइल चालतात. लॅबमधलं एकही मशीन नेटला जात नाही. पुढच्या आठवड्यात मुलांची ऑनलाइन चाचणी आहे.

सगळीकडे हातानंच नवे आकडे घालू, की 'आपोआप' करू? आणि प्रिंटरचं काय?

रंकाळ्याचा_वारा | सोमवार, रात्री ९:२५

सर, आपोआपच करा. विंडोज ११ वर सेटिंग्ज, नेटवर्क अँड इंटरनेट, इथरनेट. तिथं आयपी असाइनमेंटसमोर एडिट दाबायचं, मॅन्युअलचं ऑटोमॅटिक करायचं, सेव्ह. त्याच्याच खाली डीएनएस सर्व्हर असाइनमेंट आहे (डीएनएस म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारी सेवा), तेही ऑटोमॅटिक करायला विसरू नका. निम्मे लोक तिथंच अडकतात. आयपी नवा येतो, डीएनएस जुनाच राहतो, मग कनेक्शन आहे म्हणतंय पण एक साइट उघडत नाही.

उद्यमनगर_लेथ | सोमवार, रात्री १०:०४

बावडेकर सर, आधी काय घडलंय ते सांगतो, म्हणजे पुढचं काम डोळे उघडे ठेवून होईल.

मोबाइल चालतात कारण ते पहिल्यापासून आपोआप पत्ता मागतात. या पद्धतीला डीएचसीपी म्हणतात. १९८५ च्या बूटपी नावाच्या प्रोटोकॉलवर ती उभी आहे, १९९३ मध्ये आली आणि आज आपण वापरतो ते रूप १९९७ मध्ये ठरलं. तुमच्या राउटरमध्ये डीएचसीपी सर्व्हर चालू आहे. लॅबची मशीनं मात्र त्याला काही विचारतच नाहीत. त्यांच्या डोक्यात जुना पत्ता आणि जुना गेटवे पक्का बसलाय, आणि १९२.१६८.१.१ वर आता त्यांचं ऐकणारं कुणी नाही.

आपोआप केल्यावर काय होतं? सुरू होताना मशीनला स्वतःचा पत्ता नसतो, सर्व्हर कुठं आहे हेही माहीत नसतं. म्हणून ते ०.०.०.० वरून २५५.२५५.२५५.२५५ ला, म्हणजे त्या नेटवर्कवरच्या सगळ्यांना, हाक मारतं: कुणी पत्ता देतंय का? ही डिस्कव्हर. राउटर म्हणतो, अमुक पत्ता मोकळा आहे, घे. ही ऑफर. मशीन म्हणतं, हाच घेतो. ही रिक्वेस्ट. राउटर वहीत नोंद करतो आणि पक्का होकार देतो, तो ॲक. हे सगळं यूडीपीवर चालतं, सर्व्हर ६७ नंबरच्या पोर्टवर ऐकतो आणि मशीन ६८ वर. त्याच पाकिटात सबनेट मास्क (आपलं नेटवर्क कुठवर ते सांगणारा आकडा), गेटवे, डीएनएस आणि पत्ता किती वेळ वापरायचा ती मुदत, हेही येतं.

मुदतीचं गणित भाड्याच्या खोलीसारखं आहे. चांगला भाडेकरू करार संपायच्या दिवसापर्यंत थांबत नाही. मशीनही मुदत निम्मी झाली की त्याच सर्व्हरला विचारतं, वाढवून देता का? उत्तर नाही आलं तर साडेसत्याऐंशी टक्क्यांना पुन्हा सगळ्यांना हाक मारतं, कुठलाही सर्व्हर चालेल म्हणून. शेवटपर्यंत कुणी दाद दिली नाही तर पत्ता सोडून द्यावा लागतो.

चाचणी जवळ आहे म्हणून एक जलद उपाय. राउटरच्या लॅन (आतल्या बाजूच्या) सेटिंगमध्ये जाऊन त्याचा स्वतःचा पत्ता १९२.१६८.१.१ करून बघा. तो जुन्या गेटवेच्या जागी उभा राहिला की एकाही मशीनला हात न लावता लॅब चालू होईल. मग आपोआपचं काम सवडीनं करता येईल. करून कळवा.

बावडेकर | मंगळवार, दुपारी १:४०

दादा, इतकं समजावून सांगितलंत, आभारी आहे. मधल्या सुट्टीत करून पाहिलं. राउटर घेत नाही. लॅन आणि वॅन एकाच सबनेटमध्ये असू शकत नाहीत असा संदेश येतो.

उद्यमनगर_लेथ | मंगळवार, दुपारी २:१५

मग कोडं सुटलं. भिंतीवरचा कंपनीचा डबाच १९२.१६८.१.१ आहे आणि तुमच्या राउटरला बाहेरच्या बाजूनं १९२.१६८.१ मधलाच पत्ता देतोय. राउटरच्या आतल्या (लॅन) आणि बाहेरच्या (वॅन) बाजूंना एकच गल्ली, म्हणजे एकच सबनेट, असेल तर पाकीट कुठं टाकायचं हे त्याला कळणार नाही. म्हणून तो नकार देतो, आणि ते योग्यच आहे. राउटर ०.१ वर राहू दे. सरळ सगळी मशीनं आपोआप करा.

सुरुवात राउटरपासून. डीएचसीपीच्या पानावर किती पत्ते वाटायचे ती हद्द असते. ती १९२.१६८.०.१०० ते १९९ ठेवा. २ ते ९९ मोकळे राहतील, ते वाटपात येणार नाहीत. हातानं पत्ता द्यावाच लागला तर तो त्यातलाच द्या. वाटपाच्या हद्दीतला पत्ता हातानं दिला की कधीतरी राउटर तोच दुसऱ्याला देऊन बसतो, आणि मग दोन मशीनं एका पत्त्यावर भांडत बसतात.

विंडोजवर १५ वेळा माउस फिरवण्यापेक्षा एक बॅच फाइल करा. नोटपॅडमध्ये दोन ओळी, अर्थात कमांड इंग्रजी अक्षरांत टाइप करायच्या:

नेटएसएच इंटरफेस आयपी सेट ॲड्रेस "इथरनेट" डीएचसीपी
नेटएसएच इंटरफेस आयपी सेट डीएनएस "इथरनेट" डीएचसीपी

अवतरणात नेटवर्क कार्डाचं नाव जसं दिसतं तसंच हवं. काही मशीनवर 'इथरनेट २' असतं, ते आधी बघून घ्या. फाइल पेन ड्राइव्हवर टाका, प्रत्येक मशीनवर राइट क्लिक करून रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर. पहिल्या एका मशीनवर करा, आयपीकॉन्फिग /ऑल मारून बघा. डीएचसीपी एनेबल्डसमोर यस आणि डीएचसीपी सर्व्हरसमोर १९२.१६८.०.१ आलं पाहिजे. ते आल्याशिवाय दुसऱ्या मशीनला हात लावू नका.

गोकुळशिरगाव_सीएनसी | मंगळवार, सायंकाळी ६:३०

मी जरा वेगळं सांगतो. आमच्यात कारखान्याच्या शॉपमध्ये सगळं हातानंच दिलंय आणि तसंच बरं पडतंय. मशीनच्या कंट्रोलरला प्रोग्रॅम पाठवायचा तर त्याचा पत्ता सॉफ्टवेअरमध्ये लिहिलेला असतो. उद्या पत्ता बदलला की ऑपरेटर हात बांधून बसणार. आणि रात्रपाळीत राउटर गेला तर पत्त्यावाचून उत्पादन थांबवायचं काय? लई भानगडी हाताळल्यात, म्हणून सांगतोय. आपोआप आपोआप करून सगळं एकाच डब्याच्या भरवशावर टाकू नका.

उद्यमनगर_लेथ | मंगळवार, सायंकाळी ७:०५

भावा, तुझ्या शॉपफ्लोअरपुरतं तुझं बरोबर आहे आणि मीही कंट्रोलरला हातानंच देतो. राउटर बंद असताना चालू मशीनचा पत्ता मुदत असेपर्यंत टिकतो, पण जे मशीन त्याच वेळी रीस्टार्ट झालं त्याला पत्ता मिळणार नाही. जिथं एका तासाचं थांबणं परवडत नाही आणि यंत्र वर्षानुवर्षं जागचं हलत नाही, तिथं हातानं द्यावा, वाटपाच्या हद्दीबाहेर, आणि नोंद ठेवून.

शाळेचं तसं नाही. मशीन बिघडतं, जागा बदलते, शिक्षक बदलतात. कंत्राटदार बदलला आणि वही गेली की २४ मशीनमध्ये विखुरलेले आकडे कुणाला शोधता येतात? माझं ठाम मत आहे की कुणाला कुठला पत्ता, हे एकाच ठिकाणी लिहिलेलं असावं आणि ते ठिकाण म्हणजे राउटर. एखाद्याला कायम तोच पत्ता हवा असेल तरी मशीनला हात लावायची गरज नाही. राउटरमध्ये ॲड्रेस रिझर्व्हेशन असतं. यंत्राचा मॅक ॲड्रेस (नेटवर्क कार्डाचा स्वतःचा ओळख नंबर) आणि हवा तो आयपी यांची जोडी लावायची. यंत्र आपोआपच मागतं, त्याला दर वेळी तोच मिळतो.

तुझ्या लॅपटॉपसाठी एक गोष्ट, माहीत नसेल तर. प्रोग्रॅमरचा लॅपटॉप ऑफिसात आपोआप आणि कंट्रोलरला थेट केबल लावली की हातानं, असं सारखं बदलतोस ना? जुन्या कंट्रोल पॅनेलमधून आयपीव्ही४ च्या प्रॉपर्टीज उघड. आपोआप निवडलेलं असलं की शेजारी अल्टरनेट कॉन्फिगरेशनचा टॅब दिसतो. तिथं कंट्रोलरच्या गल्लीतला पत्ता लिहून ठेव. डीएचसीपी सर्व्हर सापडला नाही की विंडोज स्वतःहून तो पत्ता घेतं.

गोकुळशिरगाव_सीएनसी | मंगळवार, सायंकाळी ७:२०

हे भारी सांगितलंस की. उद्याच करतो.

शाहूपुरी_दुकानदार | मंगळवार, रात्री ८:४८

लेथदादांच्या मताला माझा पाठिंबा, आणि तो अनुभवातून आलाय. २०१९ च्या महापुरात आमच्या गल्लीत पाणी आलं. आम्ही मशीनं उचलून राजारामपुरीत मेहुण्याच्या ऑफिसात नेली. जी आपोआपवर होती ती केबल लावताच चालू झाली, त्याच दिवशी बिलं निघाली. ज्या एका मशीनवर हिशेबाचं सॉफ्टवेअर होतं, त्याला कुणीतरी हातानं पत्ता दिलेला आणि पासवर्ड त्या माणसाकडं. पूर ओसरेपर्यंत ते तसंच पडून होतं. २०२१ ला पुन्हा पाणी आलं तेव्हा सगळी आपोआपवर होती, काही अडलं नाही.

टर्मिनलताई | मंगळवार, रात्री १०:३०

बावडेकर सर, उबुंटूचं कुणी सांगितलं नाही म्हणून लिहिते.

डेस्कटॉपवर सेटिंग्ज, नेटवर्क, वायर्डसमोरचं चाक, आयपीव्ही४, ऑटोमॅटिक डीएचसीपी. मग कनेक्शन एकदा बंद करून चालू करा, त्याशिवाय बदल लागू होत नाही. टर्मिनलवरून एनएमसीएलआय (नेटवर्क बदलायची कमांड) वापरलं तर एक खाच आहे. मेथड ऑटो केली तरी आधी लिहिलेला पत्ता आपोआप पुसला जात नाही. मशीन नवा पत्ताही घेतं आणि जुनाही धरून बसतं. म्हणून आयपीव्ही४ मेथड ऑटो करतानाच ॲड्रेसेस, गेटवे आणि डीएनएस या तिन्हींना रिकामं अवतरण द्या, मग कनेक्शन अप करा. आयपी ॲड्र मारून एकच १९२.१६८.०.काहीतरी दिसतंय ना, एवढं बघा.

तुम्ही पुढं कधी उबुंटू सर्व्हर टाकलात तर तिथं खिडक्या नसतात. इटीसी नेटप्लॅन फोल्डरमध्ये वायएएमएल फाइल असते, तिच्यात डीएचसीपी४ समोर ट्रू लिहायचं. लागू करताना नेटप्लॅन अप्लाय ऐवजी नेटप्लॅन ट्राय वापरा. १२० सेकंदांत तुम्ही होकार दिला नाही तर जुनी मांडणी परत येते, दूरवरून काम करताना हा मोठा आधार आहे.

आणि हे मनापासून सांगते, कारण लॅबवाल्यांना यात फार मनस्ताप होतो. एका सर्व्हर मशीनची डिस्क क्लोन करून दुसऱ्यांत घातली तर सगळ्यांना एकच पत्ता मिळू शकतो. नेटप्लॅनखाली सिस्टमडी-नेटवर्कडी (नेटवर्क सांभाळणारी सेवा) चालत असेल तर ते राउटरला ओळख म्हणून मॅक सांगत नाही, मशीन आयडीवरून बनवलेली ओळख सांगतं. क्लोनमध्ये मशीन आयडी सारखाच, म्हणून राउटरला वाटतं सगळी एकच आहेत. उपाय, प्रत्येक क्लोनचा मशीन आयडी नवा करा, किंवा नेटप्लॅनमध्ये डीएचसीपी-आयडेंटिफायर समोर मॅक लिहा. तुमच्या डेस्कटॉपवर नेटवर्क मॅनेजर आहे, त्यात सहसा हा त्रास नाही.

बावडेकर | बुधवार, सायंकाळी ५:१०

ताई, दादा, सगळ्यांचे आभार. नववीची मुलं मदतीला होती, बॅच फाइल त्यांनीच चालवली. बहुतेक मशीनं १९२.१६८.०.१०० च्या पुढचे पत्ते घेऊन नेटला लागली. उबुंटूची सगळी झाली.

दोन अडचणी राहिल्या. चार मशीनना १९२.१६८.८ ने सुरू होणारा पत्ता मिळतोय आणि ती नेटला जात नाहीत. असा पत्ता आमच्या कुठल्याच वस्तूचा नाही. आणि आणखी दोन मशीनना सकाळी सुरू केल्यावर १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता आला, मग थोड्या वेळानं आपोआप बरोबर झाला.

उद्यमनगर_लेथ | बुधवार, सायंकाळी ५:५५

सर, आधी १९२.१६८.८ वाला, कारण तो जास्त त्रासदायक आहे. तुमच्या तारेवर दुसरा कुणीतरी पत्ते वाटतोय. डीएचसीपीत सर्व्हर खरा की उपटसुंभ हे मशीनला ओळखता येत नाही, साधारणपणे ज्याची ऑफर आधी पोचली त्याची घेतली जाते. म्हणूनच चारच मशीनं सापडली, उद्या दुसरी सापडतील.

त्या चारपैकी एकावर आयपीकॉन्फिग /ऑल मारा, डीएचसीपी सर्व्हरसमोरचा पत्ता लिहून घ्या. मग एआरपी -ए मारलं की त्या पत्त्यासमोर मॅक ॲड्रेस दिसेल. वायफाय राउटर असेल तर तोच मॅक, किंवा एखाद्या आकड्याचा फरक असलेला, त्याच्या तळाच्या स्टिकरवर छापलेला असतो. इमारतीत फिरून स्टिकर जुळवा. बहुतेक कुणीतरी सिग्नल येत नाही म्हणून जुना वायफाय राउटर आणून त्याच्या लॅन पोर्टात तुमच्या स्विचची केबल खोचलेली असणार.

सापडल्यावर काढून टाकायची गरज नाही. त्याच्या आत जाऊन डीएचसीपी बंद करा, त्याला १९२.१६८.०.३ असा हद्दीबाहेरचा पत्ता द्या आणि केबल लॅन पोर्टातच राहू द्या. मग तो फक्त वायफाय पसरवेल, पत्ते मोठा राउटरच देईल. त्या चार मशीनवर आयपीकॉन्फिग /रिलीज आणि मग /रिन्यू मारा, नाहीतर चुकीचा पत्ता मुदत संपेपर्यंत धरून बसतील.

आता १६९.२५४. तो कुणी दिलेला नसतो. हाक मारून उत्तर नाही आलं की मशीन स्वतःच त्या गल्लीतला एक पत्ता उचलतं. त्यावर नेट चालत नाही, पण विंडोज दर ५ मिनिटांनी पुन्हा विचारत राहतं, म्हणून तुमचं आपोआप बरं झालं. त्या दोन मशीनची केबल कुठल्या स्विचला जाते?

बावडेकर | गुरुवार, दुपारी १२:५०

सापडला! पहिल्या मजल्यावर स्टाफरूमच्या कपाटामागं वायफाय राउटर होता, अगदी तुम्ही म्हणालात तसा लॅन पोर्टात केबल. डीएचसीपी बंद केलं. चारही मशीनं रुळावर आली, आणि स्टाफरूममधल्यांना आधी नेट मिळत नव्हतं तेही मिळू लागलं.

ती दोन मशीनं एका वेगळ्या, जुन्या, मोठ्या स्विचला आहेत. कुणीतरी देणगी दिलेला आहे, त्याला स्वतःचं सेटिंगचं पान आहे.

उद्यमनगर_लेथ | गुरुवार, दुपारी १:३०

मॅनेज्ड स्विच. त्यात स्पॅनिंग ट्री चालू असणार. मशीन सुरू झालं की तो पोर्ट लगेच उघडत नाही, तारांचं वेटोळं होत नाही ना हे १५ अधिक १५ सेकंद बघत बसतो. तोवर मशीन हाका मारून दमतं आणि १६९.२५४ घेतं. स्विचच्या पानावर त्या पोर्टांना पोर्टफास्ट किंवा एज पोर्ट करा. फक्त संगणक जोडलेल्या पोर्टांना करायचं, दुसऱ्या स्विचला जाणाऱ्या पोर्टाला अजिबात नाही.

वीज गेल्यावरही असंच होतं. लाइट आली की मशीन राउटरच्या आधी उठतं. राउटर, स्विच आणि कंपनीचा डबा तिन्ही एका यूपीएसवर घ्या.

प्रिंटर राहिला. त्यालाही त्याच्या पॅनेलवरून डीएचसीपीवर टाका, मेनूतून कॉन्फिगरेशन पान छापा, त्यावर मॅक असतो. राउटरमध्ये त्याच्या नावानं १९२.१६८.०.५० राखून ठेवा. तुमचा राउटर हद्दीबाहेरचा पत्ता राखू देत नसेल तर १९० राखा, राखलेला पत्ता तो दुसऱ्याला देत नाही. विंडोजमध्ये मात्र प्रिंटरच्या पोर्टमध्ये जुना १.५० लिहिलेला असेल, तो बदलावा लागेल.

बावडेकर | शुक्रवार, सायंकाळी ४:२०

झालं सगळं. पोर्टफास्ट केल्यावर आज सकाळी २४ ही मशीनं पहिल्याच फटक्यात नेटला लागली. प्रिंटर १९० वर घेतला, ५० राउटरनं स्वीकारला नाही. राउटरच्या रिझर्व्हेशनच्या पानाची प्रिंट काढून मुख्याध्यापकांच्या कपाटात ठेवलीये, माझ्यानंतर येणाऱ्याला मिळावी म्हणून. राउटरचा पासवर्डही बंद पाकिटात तिथंच.

मंगळवारपेठ_अभ्यासिका | शुक्रवार, रात्री ९:००

धागा वाचून आमच्या अभ्यासिकेत तपासलं. दिवसभर मुलं येऊन-जाऊन असतात, संध्याकाळी नव्यानं आलेल्यांना वायफाय जोडलं जातं पण पत्ता मिळत नाही. मुदत २४ तास दिसतेय, हद्दीत ५० पत्ते आहेत. हेच कारण का?

उद्यमनगर_लेथ | शुक्रवार, रात्री ९:३५

हेच. सकाळी येऊन गेलेल्या मुलाचा पत्ता उद्या सकाळपर्यंत अडकून राहतो, कारण निघताना मोबाइल सहसा सोडतो म्हणून सांगत नाही. लॅबसारख्या जागी २४ तास ठीक आहे, तुमच्याकडे मुदत ४ तास करा आणि हद्द ५० वरून १५० वर न्या. मुदत निम्मी झाली की नूतनीकरण, म्हणजे जो बसलेला आहे त्याचा मोबाइल दर २ तासांनी एकदा विचारेल. त्याचा भार राउटरवर पडत नाही आणि बसलेल्याचं नेटही तुटत नाही.